पेट्रोलचा काटा

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहिला,
खाली दोन रेघा मारल्या.
ओजस माझ्या शर्टाची गुंडी पाहत बसला.

मैदानावर तो जात नाही.
"मला गोलकीपरच करतात, बाबा.
म्हणे गोल आपोआप झाकल्या जाते."
सांगताना हसला. मी नाही हसलो.

मग एका रविवारी, फुटाळ्याच्या पुढं,
सेमिनरी हिल्सच्या चढावर
माझी जुनी स्कूटर खरंच बंद पडली.
मी हँडल धरून उतरलो, म्हटलं,
"लाव बे धक्का."
त्यानं लावला,
आणि गाडी अशी सरकली
की मलाच मागं पळावं लागलं.
"काय ताकद आहे रे पोट्ट्या!"
तेवढंच बोललो. त्याचे कान लाल झाले.

तेव्हापासून ती रोज बंद पडते.
ऊन तापायच्या आत, साडेपाचला,
आधी वरच्या वळणाशी पडायची,
आता पार खाली, चहाच्या टपरीशीच.
मागून त्याचा श्वास ऐकतो,
लोहाराच्या भात्यासारखा,
मग सायकलच्या पंपासारखा,
मग कधीकधी श्वासाच्या मधे
शाळेतली एखादी गोष्टही.

काल वर पोचल्यावर
बाहीनं घाम पुसत म्हणाला,
"बाबा, काटा तर फुल्ल दाखवून राहिला."

मी प्लगवर बोट ठेवलं, मग कार्बोरेटरवर.
कुठंच काही सापडेना.

त्यानं माझ्या ढेरीकडं पाहिलं,
नीट, डॉक्टरीणबाईंसारखं.
"उद्या हँडल मी धरतो," म्हणाला,
"धक्का तुम्ही लावा."