आप्पांची वीत

सामंत मॅडम आल्या तेव्हा
उजळाईवाडीच्या धावपट्टीवरनं सकाळचं विमान उडून गेलेलं,
आणि आम्ही अकरा लोडर, दोन ड्रायव्हर
कॅन्टीनमागच्या खोलीत, एका पंख्याखाली.
त्यांनी भिंतीवर पत्र्याची पेटी ठोकून घेतली.
म्हणाल्या, सुरक्षा व्यवस्थापन हिच्यापासून सुरू होतं.

नामदेव हळिंगळे मागनं म्हणाला,
"दानपेटी हाय व्हय?"
हसलो सगळे. त्याही हसल्या.
मग म्हणाल्या, पैसे नकोत, चुका टाका.
झालेल्या टाका,
होता होता राहिलेल्या तर नक्की टाका.
नाव लिहायचं की नाही, तुमची मर्जी.

पंधरा दिवसांत पेटीत पडलं
के.एम.टी.चं एक तिकीट आणि तंबाखूची रिकामी पुडी.
आपली चूक कागदावर लिहून साहेबाला द्यायची
म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा.
एवढं शहाणपण आम्हाला शाळेतच आलेलं.

सोळाव्या दिवशी, दुपारच्या वाऱ्यात,
मी ब्रेक लावून सोडलेली रिकामी ट्रॉली
ब्रेकसकट चालू लागली,
अगदी सावकाश, विमानाच्या पंख्याकडं.
धावलो. धरली.
पात्यात आणि लोखंडात वीतभर जागा.
भोवताली बघितलं.
कुणीच नव्हतं,
वर एक घार सोडून.

रात्री तामगावात, ताटावर,
समोर आप्पांचा हात.
त्या हाताची वीत माझ्यापेक्षा दोन बोटं कमी आहे.
गुऱ्हाळाच्या चरकानं ती घेतली तेव्हा मी पाच वर्षांचा.
मालक म्हणाला होता, "लक्ष कुठं हुतं रं तुझं?"
आजी म्हणाली, नशीब.
आप्पा स्वतः काहीच म्हणाले नाहीत,
आजवर.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी टाकली,
नावासकट. बाळगोंडा चौगुले.
आणि मेमोची वाट बघत बसलो.

मेमो आला नाही. मॅडम आल्या, वही घेऊन.
ब्रेकचं रबर कधी बदललं होतं?
इथं उतार आहे, हे कुणी सांगितलं होतं?
त्या दिवशी सलग कितवी शिफ्ट?
तिसरी, मी म्हणालो. रफीकच्या घरी लग्न होतं.
तू का चुकलास, असं त्यांनी विचारलंच नाही.
मला विचित्र वाटलं,
शिवी खायला वाकलेल्या मानेला
हार घातल्यासारखं.

आठवड्यात नवं रबर आलं.
उतारावर पिवळी रेघ आली, तिच्या पलीकडं ट्रॉली सोडायची नाही.
मग पेटी जड व्हायला लागली :
कुंपणाखालनं कुत्रं शिरतंय.
पाचट पेटवलं की धूर पट्टीवर येतोय.
शिडीचं एक चाक रुसलंय (हे अक्षर नामदेवचं).

एक कोरा फॉर्म मी घरी आणला.
जागा : तामगाव, गुऱ्हाळ.
वेळ : पहाटेचे तीन असावेत.
आप्पांना एकेक विचारत गेलो.
पट्ट्यावर जाळी होती? न्हवती.
किती रात्री जागलेले? दोन.
चरकावर उजेड? बल्ब गेलेला, चार दिवस झालेले,
सांगितलं हुतं म्या.
काहिलीच्या जाळाचा उजेड तेवढा पुरायचा न्हाई.

लिहीत लिहीत तळापर्यंत आलो.
आप्पा चष्मा लावून वाकले, म्हणाले,
"आन् दोषी कोन, ते कुठं लिवायचं?"
उलटून पालटून दाखवला कागद.
तसा रकानाच नाही, आप्पा.

ते बराच वेळ बघत राहिले,
कागद तीन बोटांत धरून.
गुऱ्हाळ मोडलं त्याला वीस वर्षं झाली,
तिथं आता गाड्या धुण्याचं सेंटर आहे.
मग हळूच विचारलं,
"बल्ब लावला काय रं मागनं त्येनी?"