साठ अंश

बनियनच्या आत चिकटून आलं होतं,
मला दिसलंच नाही.
साठ अंश, एक तास दहा मिनिटं, वर ड्रायर.
निघालं तेव्हा दोन तपकिरी गोळे,
पोस्टाच्या तिकिटाएवढे,
आणि त्यांना जोडणाऱ्या फितीला नऊ गाठी.

प्रेस्टनच्या या वृद्धाश्रमात
मी धुलाईचं काम करतो. रात्रपाळी.
त्याआधी बावीस वर्षं शिंपी, नंदाखालला.
लग्नाचे कोट, फादरांचे झगे.
हातात घेतल्याबरोबर कळतं मला
कापड किती आटलंय ते.
लांबीत निम्मं, रुंदीत निम्म्याहून जरा जास्त.
चित्र तर गेलंच. मातेचा चेहरा
लोकरीच्या आत कुठेतरी मिटला.

नुकसानीच्या वहीत लिहिलं : स्कॅप्युलर, एक.
खोली अकरा, ॲग्नेस थ्रेलफॉल.
वय एकोणनव्वद, नजर गेलेली.
सातव्या वर्षी गळ्यात पडलेलं,
म्हणजे तेच नव्हे, त्याच्यामागून आलेलं कितवं तरी.
हे अंगावर असताना जो मरेल
त्याला ती आग लागणार नाही, असं वचन आहे.
आगीचं माहीत नाही.
पाण्याला टिकलं नाही.

आमच्याकडे याला बेंतीण म्हणत.
माझी समुद्रात गेली, बारा वर्षांचा असताना,
भुईगावच्या किनाऱ्याला.
आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली,
पहिली फादरच्या हातची लागते,
पुढची कुणीही घालावी, तिला आशीर्वाद लागत नाही.
पुढची मात्र कुणी शिवलीच नाही.

बेवारस कपड्यांच्या खोक्यात
मिस्टर कल्शॉ यांचा वेस्टकोट होता.
फेब्रुवारीत गेले ते. मुलगे न्यायला आले नाहीत.
अस्सल लोकर, ओल्या मातीच्या रंगाची.
मेथडिस्ट होते. कात्री लावण्याआधी
माफी मागितली त्यांची, मराठीतच.
अडीच इंच, दोन इंच. चारी कडांना काजटाका.
चित्राच्या जागी काय, ते सुचेना,
तेव्हा नुसतीच एक उभी टीप घातली, पांढऱ्या दोऱ्याची.

मूळचा हा मठातला ॲप्रनच होता म्हणे,
खांद्यांवरून पुढेमागे लोंबणारा,
झग्याला चिखल, शेण, भाजीचा रस लागू नये म्हणून.
एवढ्या शतकांत तोही आटतच आला.

सकाळी सहाला दोन्ही घेऊन गेलो,
निळा प्लास्टिकचा ॲप्रन अंगावर तसाच.
नवं तिच्या तळव्यावर ठेवलं.
अंगठा फिरवला तिने, कडेवरून, टिपेवरून,
पुन्हा कडेवरून.
"हात चांगला आहे, मिस्टर तुस्कानो. कुणाचं हे?"
मी सगळं सांगून टाकलं. बनियन, साठ अंश, वेस्टकोट.
मेथडिस्ट ऐकल्यावर
खोकला लागेपर्यंत हसली.
मग दुसरा हात पुढे केला : माझं कुठंय?

दिलं.
बराच वेळ चाचपत राहिली.
"केवढंसं झालं गं बाई," स्वतःशीच.
मग मला, "मी तरी कुठे कमी आटलेय.
घाला."

फीत डोक्यावरून जाईना.
गाठी तिच्याच, पाठ वाकत गेली तशी
एकेक मारलेली.
सुईच्या टोकाने एक उकलली, मग शेजारची.
तिसरी सुटली तेव्हा गेलं.
तिने कॉलर नीट केली, चहा कुठवर आलाय विचारलं.

नवं माझ्या खिशात तीन दिवस.
फीत मी तिच्या मापाची कापलीच नव्हती,
हे चौथ्या दिवशी लक्षात आलं,
आरशासमोर भांग पाडताना.

लोकर टोचते. चादरी उचलायला वाकलो
की पाठीवरचा तुकडा चढत चढत
मानेशी येतो, बाहेर डोकावतो.
केरी-ॲन म्हणते, तुमचं लेबल बाहेर आलंय.
मी आत ढकलतो.