जावक क्रमांक ४१२

उजळाईवाडीच्या माळावर आमची दोन विमानं.
एकाचं चाक बदलायला आलंय,
दुसरं सकाळी हैदराबादला गेलंय
एकोणचाळीस माणसं आणि तीन पेट्या गूळ घेऊन.

दिल्लीचं पत्र आलं : परदेशी उडायचं
तर वीस विमानं हवीत.
चौगुलेमालकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
शिरोलीच्या भट्टीपुढे तीस वर्षं
लोखंडाचा रंग बघून ताव सांगणारा माणूस
बोटं मोजू लागला.
"अठराच कमी हाईत की ओ, नलूताई."
हसलो सगळे. मग कुणी हसेना.

मी जावक रजिस्टर लिहिते.
आधी मार्केट यार्डात अडत्याकडे होते,
तिथे गूळ काळा असला तर काळाच दिसायचा.
इथे प्रत्येक कागद पांढराशुभ्र
आणि प्रत्येकात काहीतरी उणं.
परिशिष्ट ब जोडलं, तर ब-एक कुठाय?
शिक्का गोल आहे, चौकोनी हवा.
सुरक्षा मंजुरीला मालकांच्या आईचं माहेरचं नाव हवं.
ती गेली तेव्हा मालक चार वर्षांचे.
कागलला जाऊन म्हाताऱ्या मावशीला विचारलं.
"कागदावर फुलाबाई असंल," ती म्हणाली,
"आमी बकुळा म्हणायचो."
दोन्ही लिहिली.
परत आलं : एकच लिहा.

धावपट्टी आहे, कस्टमचं टेबल नाही.
टेबलाला अधिकारी हवा,
अधिकारी नेमायला विमान यायला हवं,
विमान यायला टेबल.
मस्कतच्या जागा दोन्ही सरकारांनी ठरवून घेतल्यात,
आपल्या वाट्याच्या मोठ्यांनी उचलल्यात.
शेवटच्या पंगतीला वाढप्यानं
बादली तिरकी करून दाखवावी,
तसा शेरा : तूर्त शिल्लक नाही.

हातकणंगल्याचा इरफान मुल्लाणी मस्कतला एसी दुरुस्त करतो.
गोव्याहून विमान धरतो,
वीस दिवसांच्या सुट्टीतले दोन घाटात जातात.
दरवर्षी खिडकीशी येतो, पेढ्याचा पुडा ठेवतो.
"ताई, कधी?"
मी म्हणते, पत्र गेलंय.
खोटं नसतं ते. पत्र नेहमीच गेलेलं असतं.

आज चारशे बारावं.
प्रतिज्ञापत्रावर एकच नाव टाईप केलं : बकुळा.
मालक सही करताना त्या ओळीपाशी थांबले.
पेन उचललं, पुन्हा टेकवलं.
बाहेर हैदराबादचं विमान उतरत होतं,
काचा थरथरल्या, शाई थोडी फाकली.
"असू दे," म्हणाले,
"आईबी कधी गेली नव्हती दिल्लीला."