आधीचे एकतीस हजार

बादली म्हणतात तिला, पाणी नसतं तिच्यात.
एक तोक्योत, एक ओसाकात.
केसेन्नुमाच्या पालिकेत चिगुसा ओनोदेरा
मधला नियम लिहिते आहे:
इकडे जे पडेल ते आपोआप तिकडेही पडावं.

आधी आवृत्त्या जपायची कळ.
मग परवानगी. मग स्थिती: सुरू.

शेजारी ट्रेमध्ये धुऊन वाळवलेले फोटो,
कडांनी समुद्राने कुरतडलेले.
एक नवरी उरली आहे
हातातल्या पंख्यापर्यंतच.
चिगुसा तिला काचेवर पालथी ठेवते.
चहाचा घोट गिळेपर्यंत
ओसाकाहून उत्तर: प्रत पोचली.

मग खालची बारीक अक्षरं.
नियम लागू, तो लावल्यानंतर आलेल्यांनाच.
म्हणजे आधीचे एकतीस हजार
अजून एकेकटेच.
त्यांचं काम वेगळं लावावं लागेल, आज रात्रीच.
ती खुर्ची पुढे ओढते.

फोटो धुणारे हाताकेयामा दारातून विचारतात,
हात अजून ओले:
"इथलं पुसलं गेलं, तर तिथलंही पुसणार का ते?"

"नाही," ती मान वर न करता म्हणते,
"तेवढा एक चौकोन
मी रिकामा सोडलाय."