खोली नंबर ३१७

बारानंतर दर निम्मा होतो,
म्हणून शेनयांगच्या थंडीत
आम्ही बारापर्यंत जिन्यात उभे.

मुटिंटा यंत्रात शोधते
झांबियातलं, तिच्या बोलीतलं गाणं. नाही.
बख्तियोरचं एक सापडतं, भलत्याच आवाजात.

मग चिनी लावतो. अक्षरं पळतात,
तिसऱ्या ओळीत आमचं घोडं अडतं,
आणि कलिंगडाच्या फोडी आणणारा पोऱ्या
दारातूनच दुरुस्त करतो
गाण्याचा नाही, शब्दाचा सूर.

गुण : एकसष्ट.
सोमवारच्या परीक्षेत एवढे चालतील.

शेवटची दहा मिनिटं
मुटिंटा यंत्राचा आवाज बंद करते, आईचं काहीतरी गाते,
मका कांडतानाचं. पडद्यावर
कुणाचं तरी लग्न चाललंय.

पोऱ्या ताट न्यायला आलेला.
नेलं त्यानं,
पण किती सावकाश.