तारखेचा शिक्का

बेलापूरला, विद्यापीठाच्या तळमजल्यावर,
विद्यार्थी कल्याण कक्षात
टेमकर मॅडमचा शिक्का
मुदतीच्या दिवसांत हमखास मागे पडायचा.

"बिघडलाय मेला," म्हणायच्या,
आणि उशिरा आलेल्या अर्जावर
कालची तारीख उमटायची.

माझ्याही अर्जावर उमटली होती.
बाबा वाशीच्या इस्पितळात, फी भरलेली नाही.
त्यांनी एवढंच विचारलं, जेवलास का?

आता त्या खुर्चीत मी बसतो.
त्या बुटक्या, म्हणून उंच करून घेतलेली;
माझे गुडघे टेबलाला घासतात.
असू देत.

मघाशी घणसोलीची एक मुलगी आली, धापा टाकत.
मुदत काल संपली होती.

मी शिक्का उचलला,
चाक मागे फिरवून पाहिलं.
टकटक करत सहज फिरलं.

कधीच बिघडला नव्हता.