कमानपाट्याची सुरी

नंदगडच्या रस्त्याला, पंक्चरवाल्याच्या मागं
खापरीच्या मातीनं लिंपलेली एक फुटकी बादली,
भात्याच्या जागी सलूनवाल्यानं टाकून दिलेलं
केस वाळवायचं यंत्र.
ऐरण म्हणजे रुळाचा वीतभर तुकडा,
कुठून आणला विचारू नका.
एकूण खर्च तीनशे चाळीस.
त्यात चहा धरलेला नाही.

ईरप्पा कम्मार शिकवतो कन्नडात,
मी चुकतो मराठीत.
"केंपु," म्हणतो तो. लाल.
मी सांडशी उचलली की, "इन्नू." अजून.
लाल इतक्या जातींचा असतो हे ठाऊक नव्हतं:
विटेचा, जास्वंदीचा, उकललेल्या डाळिंबाचा,
आणि एक, ज्याला आम्हा दोघांकडंही शब्द नाही.
त्या घटकेला जुन्या स्पीकरचं चुंबक
लोखंडाला ओळख देत नाही.
तेव्हाच बुडवायचं.

पहिली मी पाण्यात बुडवली. घाईनं.
टिंग.
केसाएवढी चीर, धारेपासून पाठीपर्यंत.
ईरप्पा हसला नाही.
"केळ्दी?" एवढंच म्हणाला.
ऐकलं.
अजून ऐकू येतं, रात्री, कूस बदलताना.

दुसरी करंजाच्या तेलात.
मग पात्यावर वाळल्या कडब्याचा रंग चढेस्तोवर
निखाऱ्याशी गप्प बसून राहिलो.
मूठ फणसाची, जरा वाकडीच.

हा पाटा ज्या ट्रकचा
त्यानं अनमोडचा घाट किती वेळा चढला असेल.
आता दुर्गव्वा त्यानं कांदा चिरते.
जोर लागला की पातं किंचित वाकतं,
ओझं आलं असं वाटून,
आणि सरळ होतं.